एकाहत्तर टोल

मेना चेनेटला आमच्या खोऱ्यातल्या बायका जरा वचकून असत, आणि त्याचं कारण एवढंच की तिला सगळ्यांची खरी वयं ठाऊक होती. पहिल्या लग्नात लपवलेली तीन वर्षं, दुसऱ्या लग्नात लपवलेली आणखी चार, सगळी तिच्यापाशी नीट जमा. आमच्याकडे माणूस गेलं की संत फाइटच्या टेकडीवरच्या चॅपलातून आधी थांबून थांबून घंटा होते, पुरुष असेल तर तीनदा, बाई असेल तर दोनदा, आणि मग माणसाच्या वयाइतके टोल. ते पडत असताना घराघरांत चमचे थांबतात, लोक बोटांवर मोजतात, आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, ‘बघा, एकोणऐंशी. आणि म्हातारी दहा वर्षं सत्तरीच्या उंबरठ्यावर बसून होती.’

मेनाने हे काम सेहेचाळीस वर्षं केलं. अंगाने काटक, बोलायला तुटक. चॅपलची वीतभर लांब किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात असायची. बाहेरच्या भिंतीवर दोन मजले उंच संत ख्रिस्तोफर रंगवलेला आहे. सकाळी त्याला नुसतं पाहिलं तरी त्या दिवशी अचानक मरण येत नाही, असं आम्ही मानतो. लांबलांबचे लोक तो बघायला येत, आणि कोणी भिंतीला हात लावला की मेना म्हणायची, ‘तुमचा हात न लागता तो सहाशे वर्षं उभा आहे. राहू दे.’ आणखी एक तिचा नेम होता. मेलेल्या माणसाला स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय ती दोराला हात लावत नसे, मग घर डोंगरात कितीही वर असो आणि बर्फ कमरेइतकं असो. नव्या माणसांना वाटे, बाई फार श्रद्धाळू. आम्हाला खरं ठाऊक होतं. दुधाने तोंड पोळलं होतं, म्हणून ती ताकही फुंकून पीत होती.

घंटेचं काम म्हणजे आमच्याकडे वतनच. घंटा वाजवील त्याला टेकडीच्या पायथ्याचं घर, घराखालचं शेत, आणि सुगीला प्रत्येक घरची धान्याची एक पेंढी. मेनाचा पणजोबा, आजोबा आणि बाप लुकास, सगळे या घंटेवर जगले. १९५८च्या नोव्हेंबरात लुकास मनोऱ्याच्या शिडीवरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड वाकडं जुळलं. त्याला मुलगा नव्हता. सत्तावीस वर्षांची एकुलती एक लेक होती, आणि तिने दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाला न विचारता दोर हातात घेतला.

तेव्हा चॅपलचा कारभार पाच शेतकरी आणि फादर एगिडियस बघत. त्या पाचांचा म्होरक्या सेराफिन प्लांगर, खोऱ्यातल्या सगळ्यांत उंचावरच्या घराचा मालक. त्याने साफ सांगितलं की वतन बाईकडे जायचं नाही, दोराला पुरुषाचं वजन लागतं. त्याचा भाचा कासियान टपून बसलेलाच होता. घंटेला विजेची मोटर बसवीन, बटण दाबलं की काम झालं, असं तो सांगत फिरे. त्याचा डोळा शेतावर होता. तिथे त्याला जर्दाळूची झाडं लावायची होती. फादरनी मध्ये पडून मेनाला मुदत मिळवून दिली: पंधरा जूनपर्यंत, संत फाइटच्या सणापर्यंत. तोवर काम बघायचं आणि सणाच्या दिवशी ठरवायचं. निकाल उलटा लागला तर बापलेकीने घर सोडायचं. लंगड्या म्हाताऱ्याला घेऊन कुठे जायचं, हे मेनाला माहीत नव्हतं.

सेराफिनचा शब्द जड होता तो काही उगीच नाही. घंटा १८८७ साली फाइटच्या सणाला मनोऱ्यात चढवली, आणि त्याच दिवशी तो जन्मला होता. पहिल्या महायुद्धात सरकारने तोफा ओतायला म्हणून समोरच्या किल्ल्यातल्या चॅपलची घंटा नेली, खालच्या मोठ्या चर्चच्या दोन नेल्या. फाइटची घंटा मात्र सेराफिन आणि लुकास यांनी रातोरात उतरवून किल्ल्यातल्या सरदारांच्या दालनात गवताच्या गंजीखाली दडवली. त्या दालनात तेव्हाही आमचं गवतच असायचं, सरदार जाऊन दीडशे वर्षं झाली होती. असे हे दोघे जिवाभावाचे मित्र. पण गेली सात वर्षं सेराफिन लुकासशी एक अक्षर बोलला नव्हता. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द लुकासलाही नाही.

मेनाने त्या सहा महिन्यांत जीव तोडून काम केलं. सकाळ, दुपार, संध्याकाळची घंटा तिने मिनिटभर चुकवली नाही. मे महिन्यात खिंडीवर गारांचा ढग चढला तेव्हा तो पांगवायला तिने तळहात सोलवटेपर्यंत घंटा वाजवली, आणि गार डोंगरापलीकडे पडली. लोक खूश झाले. सेराफिन म्हणाला, गार तशीही तिकडेच जाणार होती, वारा कोणी पाहिला नाही का. बाईने केलं की वारा आणि पुरुषाने केलं की घंटा, असा तो न्याय होता.

मेच्या शेवटी सेराफिन आजारी पडला. छाती भरली, ताप उतरेना. मंगळवारी फादर वर जाऊन, मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं पवित्र तेल त्याला लावून आले आणि खाली आल्यावर आता आशा नाही अशी मान हलवली. इथे एक रीत सांगायला हवी. वरच्या घरांतून खाली यायला दोन तास लागतात, आणि तेव्हा टेलिफोन नव्हते. म्हणून वरच्या घरात कोणी वारलं की घराच्या खालच्या अंगाच्या खिडकीतून पांढरी चादर सोडतात. ती टेकडीवरून दिसते आणि घंटा सुरू होते. त्या एका खिडकीत एरवी कोणी साधा हातरुमालही वाळत घालत नाही.

शुक्रवारी दुपारी सेराफिनच्या घराच्या त्या खिडकीत चादर दिसली.

मेना शेतात बटाट्यांना माती लावत होती. चादर पाहिल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: आता घर वाचेल. आणि लगेच तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती मातीत तशीच बसून राहिली. माणूस मेला आणि आपण घराचा विचार करतो. मग तिने हात धुतले, स्वच्छ एप्रन बांधला, आणि त्या शरमेपायीच, आजवर कोणासाठी वाजवली नव्हती इतक्या मनापासून घंटा वाजवायला घेतली. तीनदा थांबून. मग एकेक टोल, आधीचा पुरता विरला की पुढचा. पन्नासाला खांदे भरून आले. साठाला हात थरथरायला लागले. एकाहत्तराव्याला तिने दोर सोडला आणि भिंतीला टेकून रडली. त्या खडूस म्हाताऱ्यासाठी आपण का रडतोय, हे काही तिला कळेना.

वर काय झालं होतं ते असं. सेराफिनची सून लोनी खिंडीपलीकडच्या खोऱ्यातली, लग्नाला तीन महिने झालेले. आदल्या रात्री सासऱ्याला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. सकाळी त्याने बार्लीचं सूप मागितलं. लोनी हरखली. घामाने भिजलेली चादर तिने धुतली, आणि सगळ्यांत चांगलं ऊन ज्या खिडकीत होतं, तिथे टाकली. तिच्या माहेरी ही रीत नव्हती, आणि नवरा लाकडं आणायला रानात गेला होता.

एव्हाना खोरं चढायला लागलं होतं. शेजारणी जपमाळा आणि पाव घेऊन निघाल्या. सुतार शवपेटीसाठी मापाची काठी घेऊन निघाला. वाटेत एकाने कबूल केलं की बांधावरच्या पाइनच्या झाडावरून आपण सेराफिनशी वीस वर्षं भांडलो, पण झाड खरं त्याचंच होतं. अंगणात पोचले तर सेराफिन खिडकीशी उशीला टेकून बसलेला, मांडीवर सुपाचा वाडगा. सुताराने काठी पाठीमागे लपवली. झाडवाल्याने तिथल्या तिथे आपला कबुलीजबाब मागे घेतला, पण साक्षीदार फार होते.

बातमी खाली आली तेव्हा कासियान दारूच्या गुत्त्यात टेबलावर थापा मारून हसला. जिवंत मामाला गाडणारी घंटावाली, म्हणाला, मोटरने असलं कधी केलं नसतं. लुकासने लेकीला सांगितलं, वर जाऊ नकोस, तो तुला कच्ची खाईल. मेना गेली. दुसऱ्या दिवशी, दोन तास चढून.

लोनी दारातच रडून तिच्या पाया पडायची बाकी होती. सेराफिनने सुनेला बाहेर पाठवलं आणि मेनाला समोरच्या बाकावर बसायची खूण केली.

“किती वाजवलेस?” त्याने विचारलं.

“एकाहत्तर.”

“घरात सगळे मला बहात्तरचा म्हणतात. मीसुद्धा म्हणतो.”

“बहात्तर तुम्हाला फाइटच्या सणाला लागतात, काका. अजून सोळा दिवस आहेत.”

मेनाने तयार करून आणलेली माफी मागितली. आधी पाहायला हवं होतं, चादरीवर विसंबले, चूक माझी, लोनीला बोलू नका, असं सगळं एका दमात. त्याने ते कानाआड केलं.

“मी मोजत होतो,” तो म्हणाला. “आधी वाटलं, मी खरंच गेलोय. मग सूप गरम लागलं, तेव्हा कळलं की आहे. पण मोजायचं सोडलं नाही. साठ झाले, वाटलं, आता ही आटपेल. तू आटपलं नाहीस. एवढं तुला छळलं मी, तरी एक टोल खाल्ला नाहीस.”

“खायचा कशाला? वर्षं तुमची आहेत.”

“हे तुझ्या बापाला सांग. माझी जेनोवेफा गेली तेव्हा त्रेसष्टची होती. लुकासनं अठ्ठावन्नावर दोर सोडला. थंडी होती, त्याला घरी जायचं असेल. मेलेल्याला काय कळतंय, म्हणाला असेल. पण मी अंगणात उभा राहून मोजत होतो ना. ती शेवटची पाच वर्षं तिला दिसत नव्हतं. मी तिला हाताला धरून जिन्यावरून उतरवायचो, गोठ्यात न्यायचो, चर्चला न्यायचो. चाळीस वर्षं आम्ही नुसते राबलो, पोरी. बोललो ते त्या पाच वर्षांत. आणि तुझ्या बापानं नेमकी तीच गिळली.”

बापाची बाजू घ्यावी असं मेनाला वाटलं नाही, आणि बापाला शिव्या द्याव्यात असंही नाही. थंडी होती, हे खरंच असणार. साठाव्या टोलाच्या सुमाराला हात कसे होतात, ते तिला कालच कळलं होतं.

“हे कोणाला सांगितलंत का?” तिने विचारलं.

“काय सांगू? म्हातारा बायकोच्या टोलांसाठी भांडतोय, असं हसतील. जा आता, ऊन उतरायच्या आत खाली पोच.”

ती उतरली. वाटभर ती पाच वर्षं तिच्या डोक्यातून जाईनात. त्या संध्याकाळी तिने रोजची प्रार्थनेची घंटा वाजवली, आणि दोर सोडायचा तो सोडलाच नाही. दोनदा थांबून घंटा केली. मग सावकाश पाच टोल दिले.

खोऱ्यात खळबळ उडाली. दोनदा थांबली म्हणजे बाई, आणि पाच टोल म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षांची बाई कुठे असते? आयांनी पोरी मोजल्या. फादर काठी टेकत टेकडी चढून आले आणि त्यांनी विचारलं, बाळा, आज पुन्हा काय झालं? मेना म्हणाली, कोणी गेलेलं नाही, फादर, पण ते टोल द्यायचे होते. याहून जास्त तिने सांगितलं नाही. सांगायचं तर बापाची अब्रू जात होती आणि सेराफिनचं मन चव्हाट्यावर येत होतं. फादर म्हणाले, सणाला मला तुझी बाजू मांडायची आहे, काहीतरी हाताशी दे. तिने मानेनेच नाही म्हटलं.

पुढचे सोळा दिवस तिने घर झाडून पुसून ठेवलं. जाणारं माणूस असंच करतं. वरून काहीच निरोप आला नाही.

सणाच्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सगळे रीतीप्रमाणे ख्रिस्तोफरच्या भिंतीखाली जमले. लुकासला दोघांनी धरून आणून बाकावर बसवलं. चार शेतकरी आले, कासियान नवी टोपी घालून आला. सेराफिनला यायला जमणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं, तेवढ्यात खेचरावर बसून, लोनीने लगाम धरलेला, तो वळणावर दिसला. वाळून अर्धा झाला होता. त्याला उतरवून लुकासच्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला बसवलं, कारण दुसरा बाक नव्हता.

कासियानने तोंड उघडलं. आधी जिवंत माणसाची घंटा. ठीक आहे, म्हणाला, चादरीचा दोष. पण दुसऱ्याच दिवशी ते पाच टोल? अख्ख्या खोऱ्यातल्या आया रडवल्या. तिने सगळ्यांसमोर सांगावं, ते कोणाचे होते. सांगता येत नसेल, तर घंटा म्हणजे हिच्या हातातलं खेळणं झालं.

सगळे मेनाकडे बघायला लागले. ती जमिनीकडे बघत होती. एप्रनच्या खिशातली किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती, आणि आपण आता ती काढून देणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“जेनोवेफाचे,” सेराफिन म्हणाला.

कोणाला कळलं नाही.

“माझ्या बायकोचे. तिचे पाच राहिले होते. मी वर अंगणात उभा राहून ऐकले. आता त्रेसष्ट झाले.”

कोणाच्या हातून राहिले होते, ते त्याने सांगितलं नाही. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला लुकासचा चेहरा पांढरा पडला. सात वर्षांचं कोडं त्याला त्या क्षणी सुटलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सेराफिनने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याच्या बाजूला वीतभर सरकला. आमच्याकडचे पुरुष माफी मागतात ती एवढीच, आणि देतात तीही एवढीच.

कासियान म्हणाला, “मामा, भावनेचं राहू द्या. दोराला पुरुषाचं वजन लागतं, हे तुम्हीच म्हणाला होता.”

“म्हणालो होतो,” सेराफिन म्हणाला. “तेव्हा मी मेलो नव्हतो. हे बघ, इथे प्रत्येकजण घंटेबद्दल बोलतो, पण ती वाजते ज्याच्यासाठी, त्यानं ती कधी ऐकलेली नसते. आपली स्वतःची घंटा ऐकलेला या खोऱ्यात मी एकटाच आहे. शेवटपर्यंत ऐकली. मला माणसासारखं पोचवलं तिनं. तुझी मोटर बसव तुझ्या गोठ्यात.”

मग त्याने हात वर केला. बाकी चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक करून हात वर केले. फादर एगिडियसनी तर दोन्ही केले, आणि मग भानावर येऊन एक खाली घेतला. कासियानने टोपी काढून तिच्या आत पाहिलं, जणू उत्तर तिथे होतं.

मेनाला एवढंच कळलं की बाबांना घर सोडावं लागणार नाही. किल्ली धरलेला हात खिशातून बाहेर निघेना, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात कमी पडत होता. ती म्हणाली, “काका, पुढच्या वेळी मी आधी वर येऊन तुम्हाला बघीन.”

“ये ना. सूप ठेवतो,” सेराफिन म्हणाला. “आणि आता रडत उभी राहू नकोस. सण आहे. जा, वाजव.”

“किती?”

म्हातारा ऊन लागलेल्या भिंतीला पाठ टेकून बसला आणि त्याने डोळे मिटले.

“तुला वाटेल तितके,” तो म्हणाला. “आज मी मोजत नाही.”